ढेकर येतच नाही, घशात दाब आणि पोटात गॅस अडकून राहतो – मदत हवी आहे

मंडळी, जरा सविस्तर लिहिते. दवाखान्यात पाच मिनिटांत हे सगळं सांगून होत नाही आणि अर्धवट सांगितलं की 'अ‍ॅसिडिटी' एवढंच उत्तर मिळतं.

मी नाशिकची, वय 36, शाळेत शिकवते. जेवण झालं की थोड्या वेळाने गळ्याखाली जी खळगी असते, बरोबर तिथे आतून दाब यायला लागतो. छातीतून हवा वर सरकतेय हे मला स्पष्ट कळतं. ती त्या खळगीपर्यंत येते, अडते आणि बाहेर न पडता 'गुर्रर्र' आवाज करत परत खाली जाते. काही मिनिटांनी पुन्हा तेच. पावसाळ्यात बेडूक ओरडावा तसा आवाज, शेजारी बसलेल्याला सहज ऐकू जाईल इतका. संध्याकाळपर्यंत पोट टम्म फुगतं, बरगड्यांखाली ताण बसतो, सलवारची नाडी सैल केल्याशिवाय बसवत नाही. आडवं झाल्यावर गॅस खालून सरतो, तेव्हा कुठे झोप लागते. सकाळी पोट सपाट असतं. पहिला चहा होईपर्यंतचा वेळ काय तो सुखाचा.

ढेकर मला येत नाही. लहानपणापासून कधी आल्याचं आठवत नाही. आई सांगते, तान्ही असताना दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन कितीही थोपटलं तरी मी ढेकर काढायचे नाही, नुसती रडायचे. उलटीसुद्धा सहज होत नाही, खूप मळमळलं तरी नुसतेच उमासे येतात. उचकी लागली तर घशात दुखतं. या सगळ्याचा एकमेकांशी संबंध असेल का, असं मला कुणी कधी विचारलंच नाही.

तपासण्या भरपूर झाल्या. एंडोस्कोपी नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, एच. पायलोरी निगेटिव्ह. छातीत दाब येतो म्हणून ईसीजी आणि टूडी इको केला, तोही नॉर्मल. उपाशीपोटी घ्यायच्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या महिनोन्महिने घेतल्या. जळजळ मला मुळात नव्हतीच, त्यामुळे काय कमी होणार? शेवटी एका डॉक्टरांनी "तुम्ही फार मनाला लावून घेता" म्हणत शांत झोपेची गोळी लिहून दिली. ती घेऊन झोप लागली, पण गुरगुर तशीच.

घरचे उपाय तर विचारू नका. ओवा-पादेलोण, आल्याचा रस, बडीशेप, हिंगाष्टक चूर्ण, सगळं झालं. सासूबाई अजूनही रात्री कोमट पाण्यात हिंग कालवून बेंबीभोवती लेप लावून देतात. त्याने पोटाला जरा आराम पडतो, त्यांच्या हाताने बरंही वाटतं, पण घशातला दाब काही हलत नाही. सोडा मात्र मला कुणी सुचवू नका. लग्नाच्या पंगतीनंतर एका नातेवाइकांनी आग्रह करून जलजिरा घातलेला सोडा पाजला. कार्यालयातल्या खोलीत सतरंजीवर कुशीवर पडून होते, छातीत इतकं कोंडलं की धड श्वासही घेता येईना. तिथेच बाकीचे मजेत ढेकर देत होते.

सगळ्यात अवघड जातो तो डब्यानंतरचा तास. मागच्या चाचणीला सातवीचा वर्ग अगदी शांत होता, पंख्याचा तेवढा आवाज. माझ्या घशातून लागोपाठ गुरगुर सुरू झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वर करून पाहिलं, मग स्वतःची पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. मुलं समजूतदार आहेत हो, पण आता मी डबा अर्धाच खाते आणि तरीही तास संपेपर्यंत घसा आवळून उभी असते.

तर, असा त्रास तुमच्यापैकी कुणाला आहे का? अजिबात ढेकर न येणं हा आजार असू शकतो का? असल्यास पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं की घशाच्या?

प्रतिसाद:
माझ्या मिस्टरांना असंच व्हायचं. रात्रीचं जेवण सातला आणि मैद्याचे पदार्थ बंद, एवढं केल्यावर खूप फरक पडला. मटकी, छोले, वाटाणे रात्री नकोच. त्यांना ढेकर मात्र भरपूर यायचे, त्यामुळे तुमचं वेगळं असू शकेल.

प्रतिसाद:
ताई, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. इथे लिहिलेलं वाचून निदान करत नाही, पण तुमचं वर्णन वाचून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला, स्वरयंत्राच्या मागे, क्रिकोफॅरिंजियस नावाचा स्नायू असतो. एरवी तो आवळलेला असतो आणि घास गिळताना क्षणभर सैल पडतो. ढेकर येताना त्याला उलट्या दिशेने येणाऱ्या हवेसाठी सैल पडावं लागतं. आपण जेवताना, बोलताना थोडी थोडी हवा गिळतच असतो. ती जठराच्या वरच्या भागात साठून ताण आला की अन्ननलिकेचं खालचं तोंड आपोआप काही सेकंद उघडतं, हवा वर येते, वरचा स्नायू सैल होतो आणि ढेकर येतो. काही जणांत हा शेवटचा टप्पाच होत नाही. गिळणं व्यवस्थित, पण हवा वर आली की स्नायू उघडत नाही. मग अन्ननलिका ती हवा पुन्हा खाली ढकलते. तुम्हाला ऐकू येतो तो आवाज बहुधा याचाच. हवेला उरलेला एकच रस्ता आतड्यांतून खाली, म्हणून संध्याकाळी पोट फुगतं आणि रात्री गॅस सरतो.

याला रेट्रोग्रेड क्रिकोफॅरिंजियस डिसफंक्शन म्हणतात, थोडक्यात आर-सीपीडी. ढेकर न येण्यामुळे छातीत तीव्र दुखणाऱ्या रुग्णाची नोंद 1987 साली वैद्यकीय नियतकालिकात झाली होती, पण पुढे बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 2019 मध्ये शिकागोजवळ काम करणारे डॉ. रॉबर्ट बास्टियन यांच्या गटाने 51 रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि याला नाव व उपचार दोन्ही मिळालं. त्यामुळे आमच्यापैकी अनेकांच्या शिक्षणात हा विषय आलेलाच नाही. तुमच्या डॉक्टरांना माहीत नसेल तर त्यात नवल नाही.

एंडोस्कोपी यात नॉर्मलच येते, कारण रचनेत काही बिघाड नसतो. निदान मुख्यतः तुम्ही सांगितलेल्या इतिहासावरून होतं: ढेकर न येणं, गुरगुर, घशा-छातीत दाब, पोट फुगणं आणि जास्त गॅस सरणं. उलटी न होणं आणि दुखरी उचकीही अनेकांत आढळते. खात्रीसाठी हाय-रिझोल्यूशन मॅनोमेट्री करतात. नाकातून बारीक नळी अन्ननलिकेत सोडून, फसफसणारं पेय पाजून दाब मोजतात. नुसत्या पाण्यावर केली तर हे निसटू शकतं, तेव्हा आधी बोलून घ्या.

घशात गोळा असल्यासारखं वाटणं हा आणखी एक सर्रास आढळणारा त्रास आहे. तो नुसती थुंकी गिळताना जास्त जाणवतो आणि जेवताना बहुतेकदा कमी होतो. तुमचं नेमकं उलट आहे. तरी समोर बसवून तपासल्याशिवाय काही ठरवू नका.

प्रतिसाद:
घाबरवायचं नाही, पण बाबांचा छातीतला दाब आम्ही 'गॅस'च समजत होतो आणि निघालं हृदयाचं. ताईंचा ईसीजी झालाय हे उत्तम. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितेय: चालताना-जिना चढताना दाब येत असेल, घाम येत असेल, हात-जबड्यात कळ जात असेल तर ओवा खात बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

प्रतिसाद (वरचेच घशाचे डॉक्टर):
अगदी बरोबर. त्यात भर घालतो. घन पदार्थ गिळताना अडकणं, वजन आपोआप उतरणं, काळी शी, उलटीत रक्त, आवाज बरेच दिवस घोगरा राहणं, हिमोग्लोबिन कमी होणं, यातलं काही असेल तर आधी त्याचा तपास. तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांनी आणि पन्नाशीनंतर नव्याने त्रास सुरू झालेल्यांनी तर घशाचा कुठलाही त्रास गॅसवर ढकलू नये.

प्रतिसाद:
मी वैद्य आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, जे वेग अडवू नयेत त्यांत उद्गार म्हणजे ढेकर आहे. तो अडवल्याने उचकी, श्वास म्हणजे दम लागणं, अरुची, कंप आणि हृदय व छातीच्या ठिकाणी अवरोध होतो असं तिथे म्हटलंय. तुम्ही मुद्दाम अडवत नाही, तो आपोआपच अडतोय, त्यामुळे नुसत्या पाचक चूर्णांनी घशातला अवरोध सुटेल असं मी सांगणार नाही. पोटाचा भाग हलका ठेवायला मदत होईल: कोमट पाणी, भूक ठेवून जेवण, जेवल्यावर शतपावली. घशाच्या डॉक्टरांना जरूर दाखवा.

प्रतिसाद:
ताई, तुमचं वाचताना मला माझंच लिहिलेलं वाचतेय असं वाटलं. मी मूळची साताऱ्याची, सध्या अमेरिकेत असते. मलाही आर-सीपीडी होतं. उपचार म्हणजे त्याच स्नायूत बोटॉक्सचं, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. काही ठिकाणी भूल देऊन दुर्बिणीतून देतात, काही ठिकाणी जागेपणी मानेतून. माझं भूल देऊन झालं, त्याच दिवशी घरी आले.

पहिला ढेकर काही दिवसांनी आला. साधा पोळी-भाजीचा घास खाल्ल्यावर, आपोआप. नवरा स्वयंपाकघरातून धावत आला आणि मी रडत होते. त्यानंतरचे काही आठवडे मात्र सोपे नव्हते हे स्पष्ट सांगते. घास उतरायला वेळ लागायचा, प्रत्येक घासाबरोबर पाणी घ्यावं लागायचं, जेवून वाकलं की अन्न वर यायचं. ते हळूहळू कमी झालं. बोटॉक्सचा असर साधारण तीन महिन्यांत उतरतो, पण तोवर शरीराला सवय लागते. बास्टियन यांच्याच गटाने 2020 साली 200 रुग्णांची माहिती दिली, त्यात साधारण पाचातल्या चौघांना पुढेही ढेकर येत राहिले. ज्यांचे थांबले ते पुन्हा इंजेक्शन घेऊ शकतात. मला एकदाच लागलं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून रात्रभर झोप लागली नाही, पण या वेळी गॅसमुळे नाही. एवढी वर्षं मला वाटायचं की मीच काहीतरी चुकीचं खातेय. याला नाव आहे, हे स्नायूचं काम आहे, एवढं कळल्यानेसुद्धा किती मोकळं वाटलं ते सांगता येत नाही. सासूबाईंनाही वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग आधी घशाच्या डॉक्टरला दाखवायचं, माझा हिंग काही पळून जात नाही."

डॉक्टरसाहेब, नाशिकमधल्या घशाच्या डॉक्टरांना हे माहीत नसेल तर कुणाकडे जाऊ? आणि तोवर शाळेत काय करू?

प्रतिसाद (घशाचे डॉक्टर):
मुंबई-पुण्यात लॅरिंजॉलॉजी, म्हणजे आवाज आणि गिळण्याच्या विकारांचं काम करणारे कान-नाक-घशाचे डॉक्टर आहेत. आवाजाच्या काही विकारांत ते स्वरयंत्राच्या स्नायूंत बोटॉक्स देतात, त्यामुळे हे तंत्र त्यांच्या हातातलं असतं. फोनवर आधीच विचारा: "आर-सीपीडीचे रुग्ण तुम्ही पाहता का?" नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा, भाडं खर्चून जाऊन परत येऊ नका. सोबत सगळे रिपोर्ट घ्या आणि मोबाइलवर घशातल्या गुरगुरीचं रेकॉर्डिंग करून ठेवा. त्याचा फार उपयोग होतो. मानेचे-स्नायूंचे इतर काही आजार असतील, गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर ते आधी सांगा.

तोवर सोडा, कोल्ड्रिंक, च्युइंगगम, स्ट्रॉ बंद. घाईने खाऊ नका, घास तोंडात असताना बोलू नका. शिक्षकांचा डबा गडबडीतच संपतो हे मला ठाऊक आहे. घरच्या शिक्षिकेचा पाहिलाय. जमल्यास दोन सुट्ट्यांत अर्धा-अर्धा खा. ढेकर काढायचा म्हणून मुद्दाम हवा गिळू नका, त्याने त्रास वाढतो.

धागाकर्ती:
पुण्यातल्या एका ठिकाणी फोनवर बोलणं झालं. "हो, पाहतो" म्हणाले. पुढच्या शनिवारची वेळ मिळाली आहे. रेकॉर्डिंग आज जेवल्यावरच केलं. साताऱ्याच्या ताई, एक विचारायचं राहिलं. इंजेक्शननंतर शिकवायला कितव्या आठवड्यापासून जाता येईल? आणि त्या दिवसांत डब्यात काय न्यायचं?

प्रतिसाद (सातारा-अमेरिका):
डॉक्टर ठरवतील तेच खरं, माझा अनुभव तेवढा सांगते. बसून करायच्या कामावर मी आठवड्याभरात गेले, पण तुम्हाला दिवसभर बोलायचं असतं, तेव्हा दिवाळी किंवा मे महिन्याच्या सुट्टीच्या तोंडावर तारीख घेता आली तर बघा. पोळी, कोरडा भात, भाकरी सुरुवातीला नकोच. मऊ खिचडी, ताकातली ज्वारीची आंबील, पातळ वरणात कुस्करलेला भात असं न्या. जेवताना ताठ बसा आणि जेवल्यावर निदान तासभर वाकू नका. वह्या तपासायच्या असतील तर त्या टेबलावर उंच ठेवून तपासा. शनिवारी काय झालं ते नक्की लिहा.