मदत हवी आहे: सातबारा 298, मोजणी 304, आणि दहा दिवसांची बांधकाम परवानगी तिसऱ्या महिन्यात

नमस्कार मंडळी, नगरपरिषदेच्या बांधकाम परवानगीचा अनुभव असलेल्यांनी प्लीज मार्गदर्शन करा, आमचं सगळं अडून बसलंय.

आमचा एनए (बिनशेती) लेआउटमधला प्लॉट आहे, तालुक्याच्या गावी. सासूबाईंना पक्षाघात झाला तेव्हापासून आम्ही भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर अडकलोय, लिफ्ट नाही, दवाखान्यात न्यायचं तर मिस्टर आणि शेजारचा मुलगा दोघं मिळून खुर्चीसकट उचलून उतरवतात. म्हणून साधं तळमजला आणि वर एक मजला असं घर काढलंय, खाली त्यांची खोली, व्हीलचेअर जाईल असा दरवाजा, बाथरूमला उंबरा नाही. लोन मंजूर आहे पण स्टॅम्प मारलेला प्लॅन आणि कमेन्समेंट सर्टिफिकेट (बांधकाम सुरू करायचा दाखला) दाखवल्याशिवाय बँक पहिला हप्ता सोडणार नाही.

आर्किटेक्टनी 12 फेब्रुवारीला बीपीएमएसवर, म्हणजे बांधकाम परवानगीच्या ऑनलाइन पोर्टलवर, फाईल टाकली. तेव्हा म्हणाले होते की 2020 च्या एकत्रिकृत नियमावलीत (यूडीसीपीआर) 150 चौ.मी. पर्यंतच्या प्लॉटला फी भरल्याची पावती हीच परवानगी, आणि 150 ते 300 पर्यंत आर्किटेक्टच्या दाखल्यावर दहा दिवसांत होतं, आपला 298 आहे, काळजी करू नका. फी भरली, पाडव्याला भूमिपूजनही उरकलं.

मग क्वेऱ्या सुरू झाल्या. पहिली, घरपट्टी थकबाकी नसल्याचा दाखला, दिला. दुसरी, एनए ऑर्डरची कॉपी नीट दिसत नाही, परत स्कॅन करून दिली. आता तिसरी आलीये, ती अशी: "सातबारा व मोजणी नकाशा यांतील क्षेत्रात तफावत, खुलासा करावा." म्हणजे सातबाऱ्यावर आणि लेआउटवर 298 चौ.मी. आहे, पण भूमी अभिलेखच्या मोजणीत क-प्रतीवर (मोजणी नकाशाच्या प्रतीवर) 304 आलंय. प्रत्यक्ष भेटलो तर इंजिनियर साहेब म्हणाले मोजणी 304 आहे म्हणजे तुम्ही 300 च्या वर गेलात, तुमची फाईल दहा दिवसांवाली नाहीच, नेहमीच्या पद्धतीने छाननी होणार. सहा मीटरसाठी!

काल रात्री मी प्लॅन जमिनीवर पसरून एकेक ओळ वाचली. उजव्या बाजूला जो क्षेत्राचा तक्ता असतो ना, त्यात पहिलीच ओळ प्लॉटच्या क्षेत्राची आहे आणि तिथे कंसात स्पष्ट छापलंय की मालकी कागद, मोजणी आणि प्रत्यक्ष जागा या तिन्हींपैकी जे सगळ्यात कमी ते धरायचं. मग कमी तर 298 च झालं की! एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं ते) मोजताना 298 धरतात, मग रांग ठरवताना 304 कसं?

माझे प्रश्न -
हा मुद्दा कोणाला लेखी द्यायचा, त्याच इंजिनियर साहेबांना की थेट मुख्याधिकाऱ्यांना?
60 दिवसांत उत्तर नाही आलं तर मानीव परवानगी मिळते म्हणतात, ते आमच्या केसमध्ये कधीपासून मोजायचं?
एकाने सांगितलं "टेबलावर ठेवलं की फाईल हलते". तसलं आम्हाला करायचं नाही, कृपया तो सल्ला देऊ नका.

गवंडी अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो म्हणालाय, नंतर दुसऱ्या साइटवर जाणार. पावसाच्या आत पाया भरून जोत्यापर्यंत यायचंय.

---

प्रतिसाद 1:
ताई, 60 दिवसांचं आधी सांगतो कारण इथेच लोक फसतात. एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 45 प्रमाणे अर्जाची तारीख किंवा तुम्ही शेवटच्या क्वेरीला उत्तर दिल्याची तारीख, यातली जी नंतरची तिथून दिवस धरतात. म्हणजे प्रत्येक क्वेरीला मीटर पुन्हा शून्यावर. त्यामुळे अर्धवट उत्तर देऊ नका, आणि "याव्यतिरिक्त काही त्रुटी असल्यास एकत्रित कळवाव्यात" हे वाक्य घालाच. आणि मानीव परवानगीतही प्लॅन नियमात पूर्ण बसलेला लागतो, जरा इकडेतिकडे असेल तर ते बांधकाम अनधिकृत ठरतं. बँकही नुसत्या मानीववर पैसे सोडेल असं धरून चालू नका.

प्रतिसाद 2:
तक्त्यातली ओळ बरोबर पकडलीत. आर्किटेक्टच्या लॉगिनमधून उत्तर जाऊ द्याच, शिवाय एक साधं पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवकमध्ये द्या, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका. आणि कार्यालयात लोकसेवा हक्क कायद्याचा बोर्ड असतो, 2015 चा कायदा, त्यावर बांधकाम परवान्याची मुदत आणि अपिलीय अधिकारी लिहिलेला असतो, फोटो काढून आणा. मुदत उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील, वकील लागत नाही.

---

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. आज जाऊन आले. बोर्ड जिन्याखाली आहे, पुढे कपाट उभं केलंय, शिपाई मामांनी बाजूला सरकवून दिलं म्हणून फोटो मिळाला. पत्राला आवक नंबर मिळाला. आता आर्किटेक्ट म्हणतायत की पत्रात मोजणीत जादा आलेल्या सहा चौ.मी. जागेवर आमचा बांधकामासाठी कुठलाही दावा नाही असं हमीपत्र जोडूया, म्हणजे तिढा सुटेल. पण असं लिहून दिलं तर ती सहा मीटर जागा पुढे मालकीत अडचण करेल का? कोणी दिलं असेल तर त्यात शब्द नेमके काय घातले होते ते सांगा, सोमवारी सकाळी द्यायचंय.