प्रतिसाद: कोलीनचा उंचवटा आणि अंडी

'एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत कोलीन वाढलेलं दिसलं, म्हणून अंडी बंद केली' हे वर वाचलं. (ही तपासणी म्हणजे एमआरआय यंत्राने ऊतींमधली रसायनं पाहणं; कोलीन हे पेशीपटलाला लागणारं आणि अंड्यात भरपूर असणारं पोषकद्रव्य.) यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. तपासणीच्या आलेखावर ३.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे आडव्या अक्षावरचं माप) दिसणारा तो उंचवटा नुसत्या कोलीनचा नसतो. मोकळं कोलीन, फॉस्फोकोलीन आणि ग्लिसरोफॉस्फोकोलीन, तिघांचे संकेत तिथे एकमेकांवर चढलेले असतात. कर्करोगाच्या गाठीत वाढतं ते प्रामुख्याने फॉस्फोकोलीन. पेशीतलं कोलीन कायनेज हे विकर (एन्झाइम) जास्त जोमाने कोलीनला फॉस्फेट चिकटवतं आणि पेशीपटलाच्या मेदांची मोडतोडही वाढलेली असते. १९९९ साली अबोआग्ये आणि भुजवाला या संशोधकांनी मानवी स्तनपेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखवलं, की पेशी कर्करोगाकडे झुकतात तसं फॉस्फोकोलीन चढतं आणि ग्लिसरोफॉस्फोकोलीन मागे पडतं. बशीतल्या पेशी काही ऑम्लेट खात नव्हत्या! बिघाड यंत्रणेत आहे, ताटात नाही. त्यामुळे निदान या रिपोर्टवरून तरी अंडी सोडायचं कारण नाही. केमो चालू असताना प्रथिनं हवीच असतात, आहाराचं डॉक्टरांना विचारा.

आणि एक, जे अजून कुणी लिहिलं नाही. उंचवटा दिसला म्हणजे कर्करोगच, असंही नाही. अंगावर पाजणाऱ्या निरोगी बाईच्या स्तनातही तो दिसू शकतो. मेंदूत मज्जातंतूंवरचं मायलिन हे आवरण झडत असेल तरी कोलीन वर जातं. म्हणून डॉक्टर बायोप्सीचा आग्रह धरतात तेव्हा 'एवढा महागडा स्कॅन मग कशाला केला' म्हणून चिडू नका.