गव्याची मादी वास घेऊन जनुकं ओळखते?

म्हादईकाठ: निसर्ग शिबिरांत हल्ली एक वाक्य ठोकून दिलं जातं: मादी वासावरून नराची एमएचसी ओळखते आणि आपल्याहून वेगळा असेल तोच निवडते. एमएचसी म्हणजे अंगात शिरलेला रोगजंतू ओळखणारी जनुकं. आईबापांची वेगवेगळी असली की पिल्लाचा साठा मोठा. उंदरांत हा कल 1976 साली दिसला, मान्य. पण ते प्रयोगशाळेतले, पिढ्यान्‌पिढ्या भावंडांतच जोडलेले उंदीर. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवरच्या मोकाट सोए मेंढ्यांत 1997 साली हेच तपासलं तेव्हा काही हाती लागलं नाही. तरी आपण ते बिनदिक्कत गव्याला आणि पट्टेरी वाघाला चिकटवतो! माझ्या मते जंगलात हे काम नाकापेक्षा पाय जास्त करतात. वाघिणीची मुलगी आईच्या शेजारी ठाण मांडते, मुलगा लांब निघून जातो. भाऊबहीण समोरासमोर येतच नाहीत, मग ओळखायचं काय?

सत्तरीकर: मेंढ्यांचं सांगितलंत, सीलचं गाळलंत. दक्षिण जॉर्जिया बेटावर फर सीलचा नर किनाऱ्यावरची आपली जागा सोडत नाही, त्यामुळे मादी कुठून कुठे गेली हे मोजता येतं. 2007 च्या अभ्यासात माद्या 35 मीटरपर्यंत सरकून, शेजारचा नर सोडून, नात्याने लांबचा आणि जनुकांत जास्त विविधता असलेला नर गाठताना दिसल्या. नालमुखी वटवाघळांत तर आई आणि मुलगी वर्षानुवर्षं एकाच नराकडे जातात, पण मुलगी स्वतःच्या बापाला टाळते. इथे पाय काय करणार? एकाच गुहेचा प्रश्न आहे.

म्हादईकाठ: बाप टाळायला जनुकं वाचावी लागत नाहीत. ठिपकेवाल्या तरसाची तरुण मादी अगदी साधा नियम पाळते: आपल्या जन्मानंतर जो कळपात आला किंवा जन्मला, तोच चालेल. बाप आपोआप बाद. सीलच्या अभ्यासातही एमएचसी नव्हती, 9 मायक्रोसॅटेलाइट होते, म्हणजे डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या बारीक तुकड्यांच्या खुणा. त्यावरून नातं कळतं, वासाबद्दल काहीच नाही.

चाळणी: दोघेही निष्कर्षावर भांडताय, मोजणीकडे कुणाचं लक्ष नाही. समजा मादीच्या आवाक्यात 6 नर आहेत आणि त्यांतले 4 तिच्याहून वेगळ्या एमएचसीचे. तिने डोळे मिटून निवडला तरी 67 टक्के वेळा वेगळाच मिळणार. म्हणून 10 वेतांत 7 ‘वेगळे’ बाप निघाले तर त्यात निवड कुठे आली? आधी त्या हंगामात हजर असलेले नर मोजा, त्यांच्यातून यदृच्छ जोड्या संगणकावर हजारदा पाडा, मग प्रत्यक्ष आकडा त्या शेजारी ठेवा. आणि एमएचसीबरोबर पूर्ण जनुकसंचातलं नातंही तपासा. नातं लांबचं असलं की एमएचसी बहुधा वेगळी असतेच.

दुसरी गोची विष्ठेत, कारण जंगली प्राण्याचा डीएनए बहुधा तिच्यातूनच मिळवावा लागतो. पेशी वरच्या बुळबुळीत थरात असतात, तेवढाच खरवडायचा, सिलिका (ओल शोषणारे दाणे) किंवा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवायचा, इथेनॉल नमुन्याच्या निदान चौपट. आपल्याकडे जूनपासून हा थर पावसात धुऊन जातो, त्यामुळे ताजा नमुना कोरड्या महिन्यांतच मिळवा. डीएनए तुटका असतो, लहान तुकडेच वाचता येतात. आईबापांकडून आलेल्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक उमटली नाही की विषमयुग्मी (दोन वेगळ्या प्रतींचा) प्राणी समयुग्मी (दोन्ही सारख्याच) दिसतो आणि खरा बाप यादीतून उडतो. एकेक नमुना निदान 3 वेळा चालवा. एमएचसीच्या तर एकाच प्राण्यात अनेक प्रती असतात. कुठली कुठल्या जागेची हे न सोडवता ‘वेगळेपणा’ मोजणं म्हणजे मिसळलेल्या दोन गंजिफांतून एकीची पानं मोजणं.

सत्तरीकर: हे पटलं. पण वाघाबाबत मी अजून मागे हटत नाही. वाघीण एकाहून जास्त नरांशी जुळू शकते.

म्हादईकाठ: नर असतील तर! जानेवारी 2020 मध्ये गोव्यातल्या म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे 3 बछडे विषाने मेले. एवढ्याशा संख्येत तिच्या पसंतीपेक्षा शेजारच्या कर्नाटकातल्या भीमगड किंवा काळीच्या जंगलांच्या बाजूने नवा नर पोचतो का, हे महत्त्वाचं. वाट गोव्याच्याच मोलेम जंगलातल्या महामार्गाने आणि लोहमार्गाने अडली, तर उरलेला एकच नर, मग तो भाऊ असो की बाप.

चाळणी: अमेरिकेतल्या फ्लोरिडात नेमकं तेच झालं, नात्यातच जोड्या जुळल्या. तिथल्या पँथरांच्या (म्हणजे प्यूमांच्या) शेपट्या मुडपलेल्या, नरांचे वृषण खाली न उतरलेले. 1995 मध्ये टेक्सासहून 8 माद्या आणून सोडल्या, त्यांतल्या 5 व्याल्या, त्यानंतर पिल्लांतले दोष घटले.

सत्तरीकर: मग म्हादईतही वासाआधी नर मोजू. पण गव्याच्या कळपात हंगामाला किती बैल मिसळतात, ते कोण मोजणार?

चाळणी: कॅमेरा सापळे. शिंगांच्या खाचा आणि कानांचे फाटे यांवरून बैल ओळखता येतो. बापपण मात्र विष्ठेतूनच.