अनुभव धागा: कॉलेजची जिम, जिमखाना फी आणि किल्ली कुणाकडे?

भाचीला यंदा पदवीला ॲडमिशन मिळाली. फी पावतीवर लायब्ररी, लॅबच्या खाली 'जिमखाना फी' ही ओळ आहेच, आपल्या वेळीही होती. तिने ऑफिसात जाऊन विचारलं जिम कुठाय, तर क्लार्क म्हणाले कुठल्या टीममध्ये आहेस? ही म्हणाली टीममध्ये नाही, नुसता व्यायाम करायचाय. ते हसले म्हणे.

तर धागा यासाठी की कॉलेजात किंवा विद्यापीठात शिकताना तुम्हाला व्यायामाला जागा मिळाली का, कशी मिळाली, नसेल तर का नाही. हॉस्टेलवाले, मुली, खेळाडू नसलेले, परदेशात शिकलेले, सगळ्यांनी लिहा. 'इच्छा असली की घरीही सूर्यनमस्कार होतात' हे कृपया नको, ते माहितीये. आणि आपापल्या कॉलेजचं नाव घालून भांडणं नकोत.

तांबड्या मातीतला

आमच्याकडं जिम होती की. मशिनी बी चांगल्या. पण वेळ सकाळी 10 ते संध्याकाळी 5, म्हणजे लेक्चर चालू असताना जिम उघडी आणि लेक्चर सुटलं की कुलूप. रविवारी सुट्टी. मग काय, रूममेट म्हणाला चल तालमीत. कोल्हापुरात तालमींना तोटा न्हाई, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, पेठेपेठेत आहेत. पहाटे हौदा उकरायचा, माती भिजवायची, मग जोर-बैठका, मेहनत झाल्यावरच लढत. वस्तादांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पैलवान व्हायचंय का? म्हटलं न्हाई ओ, इंजिनिअर व्हायचंय. म्हणाले हरकत न्हाई, ये. बास, एवढीच ॲडमिशन प्रोसेस. फी म्हणजे तेल-मातीला थोडेफार पैसे.

ओढणीवाली

वरच्या दादांचं वाचून छान वाटलं, पण तालमीत आम्हाला कोण घेणार होतं? आमच्या कॉलेजात मुलींचा स्लॉट मंगळवार-गुरुवार दुपारी 3 ते 4. सायन्सवाल्यांची तेव्हाच प्रॅक्टिकल. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि आम्ही प्रॅक्टिकल बुडवून शंभर टक्के हजेरी लावली असती तरी 120 च होत होती, म्हणजे नापासच. बाकी वेळ 'कॉमन', पण कॉमन म्हणजे मुलांचा, कारण आत गेलं की सगळे थांबून बघायचे, मोबाईलवर मोठ्याने गाणी, आणि बेंचवर घामाचं तळं. ग्राउंडवर पळायचं तर संध्याकाळी 7 ला हॉस्टेलचं गेट बंद, सकाळी 6 च्या आधी उघडत नाही, मधल्या वेळात ऊन नाहीतर कॉलेज, मग पळायचं कधी? रेक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या गच्चीवर चाला. गच्चीवर वाळत घातलेले कपडे!

शेवटी आम्ही काही जणींनी प्राचार्यांना अर्ज दिला, पण 'सोय करावी' असं मोघम न लिहिता सरळ लिहिलं की सकाळी 6:30 ते 7:30, सोमवार ते शनिवार, फक्त मुली, एक महिला प्रशिक्षक. मराठीच्या मॅडमनी स्वतःहून किल्लीची जबाबदारी घेतली म्हणून झालं. प्रशिक्षक काही आल्या नाहीत, आमची एक ज्यूडोवाली सीनियर होती तीच शिकवायची. डेडलिफ्टला पाठ कशी ठेवायची हे मला तिने शिकवलं.

टेकडीप्रेमी

पुण्यात ज्याला व्यायाम करायचाय त्याला फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी आहे, वेताळ टेकडी आहे, पर्वती आहे. एक रुपया लागत नाही. जिम म्हणजे आरशासमोर उभं राहायची फी.

ओढणीवाली

@टेकडीप्रेमी, टेकडीवरच्या लुटालुटीच्या बातम्या तुम्हीही वाचत असालच. पहाटे 5:30 ला अंधारात एकट्या मुलीने जायचं का, ते सांगा मग बोलू.

टेकडीप्रेमी

मुद्दा मान्य. आरशाचं मात्र मागे घेत नाही.

गोळा ७२६०

मी भरतीवाला. बीए केलं ते पण ग्राउंडसाठीच म्हणा ना, विद्यापीठाचं मैदान मिळतंय म्हणून. पोलीस भरतीला पोरांना 1600 मीटर, पोरींना 800, दोघांना 100 मीटर आणि गोळाफेक. गोळा पोरांचा 7.260 किलोचा, पोरींचा 4 किलोचा. गावाकडं पळायला डांबरी रोड, त्यानं नडग्या धरतात, मुरमाच्या ट्रॅकवर तसं होत नाही. आमच्या मराठवाड्यातून किती पोरं हेच करतात बघा, कॉट बेसिसवर रूम, एक टाइम मेस, आन सकाळी ग्राउंड. मधी एकदा आमच्या मैदानावर गेटला वॉचमन बसवला, आयकार्ड दाखवा म्हणून. माझ्याकडं होतं, पण सोबतच्या पोरांचं शिक्षण झालेलं, ते बाहेर. त्यांनी जिल्हा क्रीडा संकुलाचा पास काढला. लै वाईट वाटलं पण खोटं कशाला बोलू, गर्दी कमी झाली तेव्हाच आमच्या वर्गातल्या पोरी पहिल्यांदा ट्रॅकवर आल्या.

अंबानगरीकर

आमच्या अमरावतीचं उलटं आहे बाप्पा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे, 1936 ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन प्रात्यक्षिकं करून आलेलं. लहानपणापासून मल्लखांब बघितला त्यामुळे मला वाटे सगळ्याच कॉलेजात असं असते. नंतर दुसऱ्या शहरात एमएला गेलो तर जिमखान्यात कॅरम. फक्त कॅरम!

म्युनिकची मेस

जर्मनीतून लिहितेय. इथे विद्यापीठांचं 'होखशूलश्पोर्ट' असतं, म्हणजे विद्यापीठाच्या खेळ विभागाचे सेमिस्टरभराचे कोर्सेस. म्युनिकमध्ये त्यातले बरेचसे 1972 च्या ऑलिंपिकच्या आवारात चालतात, तिथे पोहायला-पळायला जाताना पहिले काही दिवस भारीच वाटायचं. विद्यार्थ्यांना पास स्वस्त. पण फुकट काही नाही हं, बॅडमिंटन-क्लाइंबिंगचं बुकिंग ठरलेल्या वेळी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं, तत्काळ तिकिटासारखं बोट तयार ठेवायचं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'कोणत्या टीममधून खेळतेस' असं कुणी विचारत नाही. माझ्या कोर्समध्ये पन्नाशीच्या प्राध्यापक बाई होत्या आणि त्या आमच्यापेक्षा जास्त वेळ प्लँक धरायच्या.

मिडवेस्ट मावळा

अमेरिकेत आमच्या युनिव्हर्सिटीत रेक सेंटरचे, म्हणजे तिथल्या व्यायाम-खेळाच्या केंद्राचे, पैसे फीमध्येच सक्तीने घेतात, तुम्ही जा नाहीतर जाऊ नका. सुरुवातीला डॉलरचा रुपयांत हिशोब करून जीव जळायचा म्हणून वसूल करायला जाऊ लागलो. सकाळी 6 ला उघडायचं ते रात्री उशिरापर्यंत. हे जमतं कसं तर काउंटरवर, टॉवेल द्यायला, मशीन पुसायला, सगळीकडे विद्यार्थीच तासाच्या पगारावर. मीही केलं ते काम. आता मला सांगा, आपल्याकडे 'कमवा आणि शिका' आहे ना? कर्मवीर अण्णांची परंपरा आहे आपली. ती मुलं ऑफिसात फायली लावतात, बागेला पाणी घालतात. त्यातल्या दोघांना सकाळ-संध्याकाळ जिम उघडायला बसवलं तर काय बिघडेल?

शिट्टी

मी एका कॉलेजात क्रीडा संचालक आहे. मुलं आम्हाला शिव्या घालतात ते ठाऊक आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो, लांबेल.

संचालकाचं पद एक. डंबेलची जोडी गेली की डेड स्टॉक रजिस्टरला सही माझी, ऑडिटला उत्तर माझं. कुणी एकट्याने बेंच प्रेस मारायला जाऊन छातीवर रॉड घेतला तर पहिला फोन मला. म्हणून कुलूप. वर आंतरमहाविद्यालयीन, झोनल, मुलांचे फॉर्म, अश्वमेध या आंतरविद्यापीठ क्रीडा स्पर्धेच्या निवड चाचण्या, ग्रेस मार्कांचे प्रस्ताव हे सगळं मीच बघतो. वार्षिक अहवालात पदकांचा रकाना असतो, रोज येऊन घाम गाळणाऱ्या साध्या मुलांचा नसतो, मग वेळ कुठे जाणार सांगा. नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची, पीअर टीम तपासणीला येणार म्हणून आमच्या ट्रेडमिलचं प्लास्टिक निघालं होतं, हेही खरं. जिम आहे का हे त्यांना दाखवावं लागतं. किती जण वापरतात हे दाखवायची वेळ माझ्यावर तरी आली नाही.

आता नवीन शैक्षणिक धोरणात योग, खेळ, एनएसएस यांना क्रेडिट आलेत, त्यामुळे खेळाडू नसलेली मुलंही आमच्याकडे यायला लागलीत. ही संधी आहे पण तासाला साठ मुलं आणि आठ मॅट असली की ओळीने उभं करून हात वर-खाली, दुसरं काय करणार.

कमवा आणि शिकाचं मी करून बघितलंय. एनसीसीची दोन मुलं नेमली, आत जाताना रजिस्टरला सही, नवीन माणसाला आधी ओळखवर्ग, आणि एकट्याने वजन उचलायचं नाही. सामान गेलं नाही. उलट मोडलेली केबल त्याच दिवशी कळायला लागली. अडचण अशी की परीक्षा आली की ती मुलंही अभ्यासाला जातात.

कॅलिपर

माझा एक पाय पोलिओचा. आमची जिम दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा दाखवून लिफ्ट मागितली असती तर मी पास होऊन निघून गेलो असतो तरी फाईल फिरतच राहिली असती, म्हणून मी एवढंच मागितलं की थोडे डंबेल आणि रबर बँड खाली टेबल टेनिसच्या खोलीत ठेवा. आठवड्यात ठेवले. मग गुडघेदुखीवाले प्राध्यापकही तिथेच यायला लागले आणि माझीच जागा अडली, ते वेगळं.

धागाकर्ती

@शिट्टी सर, मनापासून आभार. हे भाचीला पाठवते. अर्ज कुणाच्या नावे द्यायचा, प्राचार्य की तुम्ही?

शिट्टी

प्राचार्यांच्या नावे, माझ्यासारख्याला प्रत. विद्यार्थी परिषदेत क्रीडा प्रतिनिधी असेल तर त्याची सही घ्या. कॉलेजात दाद लागली नाही तर विद्यापीठात जाता येतं, 2016 च्या विद्यापीठ कायद्यात क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ आहे. वेळ, दिवस, किती जणी आणि किल्ली कुणाकडे हे अर्जातच लिहा, म्हणजे 'बघू' म्हणायला जागा उरत नाही. रोज खरंच येणाऱ्या पंधरा नावांचा अर्ज दोनशे सह्यांपेक्षा बरा.

हॉल क्रमांक ४

सर एक राहिलं. आमच्याकडे सगळं झालं, स्लॉट पण मिळाला, पण सेमिस्टर परीक्षा लागली की इनडोअर हॉलमध्ये बेंच लागतात आणि महिनाभर हॉल बंद. त्यात पाऊस असेल तर ग्राउंडही नाही. यावर कुणी काही काढलंय का?