रोजची प्रार्थना आणि देवावर टाकलेला भार: तुमचे अनुभव लिहा

क्षितिज
काल ऑफिसात पर्समधून किल्ली काढताना रोझरी, म्हणजे आम्हा कॅथलिकांची जपमाळ, खाली पडली. शेजारच्या टेबलवरच्या मैत्रिणीने उचलून दिली आणि अगदी मनापासून विचारलं, रोज तेच तेच म्हणून कंटाळा नाही का येत तुला, आणि त्याने होतं काय? तिला जमेल तेवढं सांगितलं, पण घरी येईपर्यंत डोक्यात पप्पाच होते. मम्मीचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा मी कॉलेजात होते. पप्पा बाहेर बाकावर बसलेले, हातात रोझरी, ओठ हलतायत. मी विचारलं, पप्पा, मम्मी बरी होईल ना? म्हणाले, ते डॉक्टर बघतील, देव बघेल, तू पुढचं दशक (माळेतला दहा मण्यांचा भाग) घे. आणि मला खरंच सुरू करायला लावलं. मंगळवार होता म्हणजे दुःखाची रहस्ये, येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग, दर दशकाला एक आठवायचा. गेथशेमाने बागेत येशू म्हणतो ना, माझ्या इच्छेप्रमाणे नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, ते लहानपणापासून ऐकत आलेले, पण ते म्हणायला येशूलासुद्धा जड गेलं होतं हे मला त्या दिवशी कळलं.

मम्मी बरी झाली, देवाचे आभार. पण ज्यांचं माणूस बरं झालं नाही त्यांच्याही घरी रोझरी होतेच ना. म्हणून विचारतेय. तुम्ही रोज काय करता, कधी करता, आणि "देवावर सोडलं" म्हणजे तुमच्या घरात नक्की काय असतं? चमत्कारच पाहिजेत असं नाही, साधं लिहा.

पहाटपाखरू
डोळे उघडले की मोबाईलला हात लावायच्या आधी क्रुसाची खूण आणि सकाळचं अर्पण. आजचं काम, आजचा आनंद, आजचा त्रास, सगळं तुला. अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही. ह्या अर्पणामागची गोष्ट मला फार आवडते. १८४४ साली फ्रान्समध्ये जेजुइट या कॅथलिक धर्मसंघाचे विद्यार्थी होते, त्यांना कधी एकदा मिशनवर जातो असं झालेलं, अभ्यासात लक्ष लागेना. त्यांच्या फादरांनी सांगितलं, आत्ता तुमचं मिशन हा अभ्यासच, तोच देवाला द्या. मी दिवसभर हिशोबाच्या शीटमध्ये असतो, त्यात काय पवित्र असं वाटायचं, आता सकाळी ती शीटच देऊन टाकतो.

जुळ्यांची आई
क्षितिजताई वाचून डोळे भरले
माझी रोझरी एका बैठकीत होतच नाही. एक दशक कपडे वाळत घालताना, एक पोरांना झोपवताना, आणि तिसऱ्यात मीच झोपते. कोणी म्हणेल ही काय प्रार्थना झाली. पण लिझ्यूची संत तेरेसा तर मठात राहून प्रार्थनेच्या वेळी झोपायची आणि म्हणायची, आईबापाला लेकरू झोपलेलं असलं तरी तितकंच आवडतं. २४ व्या वर्षी गेली ती, १८९७ ला, आणि आज चर्चची आचार्य मानली जाते. तिला चालतं तर मला चालतं.
रात्री पोरं रक्षक देवदूताची प्रार्थना म्हणतात. परवा धाकटीने शेवटी स्वतःचं जोडलं, "देवा आता तू पण झोप". मोठा म्हणाला देव झोपत नाही, मग त्यावर अर्धा तास भांडण 😄

शेवंती
देवा आता तू पण झोप 😍😍 माझ्याकडून तिला पापी द्या

रात्रपाळी
मी नर्स आहे, अतिदक्षता विभागात. वेळेवर प्रार्थना वगैरे आमच्या नशिबात नाही म्हणून मी ती हात धुण्याला बांधून टाकलीय. प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुवायचेच असतात, तळवे, बोटांच्या मधे, अंगठा, नखं, मनगट. तेवढ्यात "हे येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे". जाताना त्या पेशंटचं नाव घेऊन, आणि परत आल्यावर त्याला तिथेच देवाच्या हातात ठेवून पुढच्याकडे. नाहीतर चार नंबरचं दुखणं घेऊन मी पाच नंबरला जाते आणि मग दोघांनाही पुरी पडत नाही. हे वाक्य पोलंडच्या संत फौस्तिनाला १९३१ साली दर्शनात दिसलेल्या येशूच्या चित्राखालचं. ती मठात स्वयंपाक करायची, बाग बघायची, दारावर असायची, म्हणजे कामातलीच बाई. दुपारी ३ ला जागी असले तर दैवी करुणेची माळ (रोझरीच्याच मण्यांवरची दुसरी प्रार्थना) पण म्हणते. बेल वाजली, नंतर येते

पाऊलवाट
रात्रपाळी ताई तुमच्यासारख्यांमुळे आमची माणसं घरी येतात 🙏 हात धुताना म्हणायचं हे मी आजपासून उचललं

मागची ओळ
लिहू की नको करत होते. माझे मिस्टर गेले. त्यांच्यासाठी नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना केली, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) वाहिल्या, आख्खं गाव प्रार्थना करत होतं, तरी गेले. नंतर लोक भेटायला यायचे आणि म्हणायचे देवाची काहीतरी योजना असेल, आणि मी उठून आत जायचे. मला प्रार्थनाच येईना, हात जोडले की राग यायचा. तेव्हा एका वयस्कर सिस्टरने मला काही समजावलं नाही, फक्त स्तोत्र ८८ काढून दिलं आणि म्हणाली हे देवाला मोठ्याने वाचून दाखव. बाकीच्या तक्रारीच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी उजेड दिसतो, हे मात्र अंधारातच संपतं, आणि तरी ते बायबलमध्ये आहे, म्हणजे असं बोललेलं देवाला चालतं. मी स्वयंपाकघराचं दार लावून ते वाचायचे, ओरडूनच म्हणा ना. कित्येक आठवडे तेवढंच. मग हळूहळू रोजच्या मिस्सेला जायला लागले, मागच्या ओळीत, कोणाशी बोलायला लागू नये म्हणून. गाणं म्हणायचे नाही, उत्तरं द्यायचे नाही, बाकीचे म्हणतायत त्यांच्यात बसून राहायचं. माझ्या वाटची प्रार्थना ते लोक करत होते असं मला आजही वाटतं. कोलकात्याच्या मदर तेरेसांनी कितीतरी वर्षं आतून असाच कोरडेपणा सोसला आणि रोज पहाटे उठून प्रार्थनेला बसल्या, हे त्यांची पत्रं छापून आली तेव्हा जगाला कळलं. त्यांची आणि माझी बरोबरी नाही, पण धीर आला. क्षितिज, तू विचारलंस देवावर सोडणं म्हणजे काय. माझ्या घरात ते म्हणजे रागासकट त्याच्यासमोर जाऊन बसणं. आता रागही कमी झालाय, गाणंही म्हणते, पण ओळ तीच, मागची.

क्षितिज
मागची ओळ ताई, काय बोलू. तुमच्या मिस्टरांसाठी आज दिवा लावते. लिहिलंत त्याबद्दल खूप खूप आभार.

जुळ्यांची आई
🙏🙏 ताई तुम्हाला घट्ट मिठी

गणिताचे सर
थोडं वेगळं विचारतो. गुरुवारी तुम्ही सगळे प्रकाशाची रहस्ये घेता का? आमच्या आजी ऐकायलाच तयार नाहीत, म्हणतात आमच्या वेळी तीनच होती.

निवृत्त काका
सर, आजींचं म्हणणं खरंच आहे, शेकडो वर्षं आनंद, दुःख, गौरव अशी तीनच होती आणि १५ दशकं. प्रकाशाची रहस्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली दिली, येशूचा बाप्तिस्मा, काना गावचं लग्न, देवाच्या राज्याची घोषणा, येशूचं तेजस्वी रूपांतर आणि पवित्र मिस्साबळीची स्थापना. पण त्यांनी ती सुचवली, सक्ती केली नाही. तेव्हा आजींना आनंदाने त्यांची रहस्ये म्हणू द्या, वाद नको.

गणिताचे सर
आभारी आहे काका. तुमचा निकाल वाचून दाखवला, आजी खूश. आता मला म्हणतात बघ, पोपसुद्धा माझ्या बाजूने.

पाऊलवाट
माझं देवावर सोडणं नोकरी गेल्यावर सुरू झालं. सकाळी लॅपटॉप जमा करून घेतला आणि दुपारपर्यंत कार्डाने दरवाजा उघडेना, इतकं पटकन. घरात हप्ते, लहान मूल. बहिणीने डोन दोलिंदो यांची समर्पणाची नोव्हेना पाठवली. हे नेपल्सचे फादर, १९७० साली वारले. नऊ दिवस रोज थोडं वाचायचं आणि शेवटी १० वेळा म्हणायचं, हे येशू, मी स्वतःला तुझ्या हवाली करतो, तूच सगळं सांभाळ. मी म्हणायचो आणि दुसऱ्या मिनिटाला डोक्यात परत गणित सुरू, हप्ता कुठून भरू, कोणाला फोन करू. पण एक गोष्ट झाली. रात्री २ ला उठून ईमेल बघणं थांबलं. सकाळी अर्ज करायचे, दुपारी फोन, संध्याकाळी ५ नंतर तो विषय येशूकडे आणि मी पोराबरोबर खेळायला खाली. नोकरी काही लगेच लागली नाही, पगारही आधीपेक्षा कमी. पण त्या काळात बायकोवर आवाज चढला नाही, ही माझ्यासाठी फार मोठी कृपा आहे.

पहाटपाखरू
पाऊलवाट, अर्ज करत राहिलात हे महत्त्वाचं लिहिलंत. काही लोक देवावर सोडलं म्हणून हातपाय गाळून बसतात ते मला पटत नाही.

निवृत्त काका
अगदी. संत योसेफ बघा ना. स्वप्नात निरोप आला की बाळाला घेऊन इजिप्तला जा, आणि त्याच रात्री उठून निघाला. पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या योसेफाची मूर्ती असायची. काही अडचण आली की ते कागदावर लिहून मूर्तीखाली ठेवायचे, २०१५ ला मनिलात त्यांनी स्वतः सांगितलं होतं. आम्ही दोघं नवराबायको तेच करतो. हिच्या चिठ्ठ्या माझ्यापेक्षा जास्त असतात, सगळ्या नातवंडांच्या.
मला कधी फार काळजी लागली तर मी विएतनामचे बिशप नुएन वान थुआन यांना आठवतो. १९७५ ला पकडले, १३ वर्षं कैदेत, त्यातली ९ एकांतात. पोटाचं औषध म्हणून वाइन मागवून घेतली आणि तळहातावर वाइनचे तीन थेंब, पाण्याचा एक, अशी रोज मिस्सा केली. नंतर कार्डिनल झाले. मी सकाळी चर्चला चालत जातो, पाच मिनिटं, गुडघा कुरकुरतो, पण जातो.

शेवंती
काका 🙏
माझं लहानसं. चष्मा, किल्ली, चार्जर, काहीही हरवलं की संत अंथोनी. आमच्याकडे त्यांना सुट्टीच नसते. त्यांचं स्वतःचं स्तोत्रांचं पुस्तक एका नवशिक्याने पळवलं होतं आणि त्यांनी प्रार्थना केल्यावर त्याने परत आणून दिलं, अशी कथा आहे म्हणून हरवलेल्या वस्तूंसाठी ते. पण खरं म्हणजे मी दुसऱ्याच कामासाठी आले. उद्या सकाळी माझ्या बहिणीची बायोप्सी आहे. जमलं तर प्रत्येकी एक दशक म्हणाल का

जुळ्यांची आई
पहिलं माझं, आत्ताच म्हणते, पोरं शाळेत आहेत

रात्रपाळी
दुसरं मी. ड्युटीवरच आहे. बहिणीला सांगा रिपोर्टची वाट बघताना एकटी बसू नको, कोणीतरी बरोबर हवं

पाऊलवाट
तिसरं धरलं

मागची ओळ
चौथं आणि पाचवं मी घेते. शेवंती, बहिणीचं नाव इथे नको लिहूस, देवाला माहीत आहे. कधीही वाटलं तर मला मेसेज कर, रात्रीसुद्धा.

शेवंती
😭🙏 सगळ्यांचे आभार. तिला दाखवलं, ती नुसती बघत राहिली स्क्रीनकडे

गणिताचे सर
आजींनी अख्खी माळ घेतलीय तुमच्या बहिणीसाठी, तीन रहस्यांची.

नवखा
नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितोय. होस्टेलवर राहतो, खोलीत चौघं, बाकी तिघं ख्रिस्ती नाहीत, चांगले आहेत पण माळ घेऊन बसायला अवघड वाटतं. घरी सगळे मिळून म्हणायचो तर आपोआप व्हायचं. आता आठवडे जातात. कुठून सुरू करू

पहाटपाखरू
दुपारी १२ ला त्रिकाळ प्रार्थना म्हण, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची. मुळात सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६ अशी तीनदा असते पण तू दुपारची धर. मनातल्या मनात, मेसच्या रांगेत उभा असलास तरी होते. आणि रविवारची मिस्सा सोडू नकोस, तिथे तुझ्या वयाची पोरं भेटतील.

रात्रपाळी
झोपताना दिवसातल्या एका गोष्टीसाठी आभार आणि एका गोष्टीसाठी क्षमा, दिवा बंद झाल्यावर. दिवसाकडे असं मागे वळून बघायची संत इग्नेशियसची पद्धत बरीच मोठी आहे, पण सुरुवातीला एवढं पुरे. आणि रूममेट्सना सांगून टाक, बहुतेक वेळा त्यांना काहीच अडचण नसते. माझ्याबरोबरच्या सिस्टर तर आता मला ३ वाजले गं अशी आठवण करतात

नवखा
धन्यवाद ताई, दादा. अंगठीसारखी रोझरी असते ना, दहा मण्यांची, ती कुठे मिळेल?

मागची ओळ
चर्चच्या स्टॉलवर विचार, नाहीतर फादरांना. तोपर्यंत दहा बोटं आहेत की, मी बसमध्ये तशीच मोजते. आज गुरुवार आहे बाळा, काना गावच्या लग्नापासून सुरू केलंस तरी चालेल.