मदत हवी आहे: तारीख उलटलेलं सीलबंद पाणी प्यावं का?

लग्नातून उरलेले 1 लिटरच्या बाटल्यांचे 9 बॉक्स टिनाच्या शेडमध्ये आहेत. पॅकिंग जानेवारीचं, खाली ‘6 महिन्यांच्या आत वापरा’, आता ऑगस्ट. सील शाबूत, आयएस 14543 (बाटलीबंद पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) छापलेलं, उजेडात धरलं तर गाळ-शेवाळ नाही. पण मे महिन्यात शेडची नुसती भट्टी होते, अन् चार हातांवर कपाशीच्या फवारणीचे डबे होते. बाटलीच्या प्लास्टिकमधून वास आत शिरतो, म्हणून तीन उघडून पाहिल्या. दोन ठीक, डब्यांकडचीला उग्र वास, ती ओतून दिली. उकळून जंतू मरतील, उतरलेलं रसायन जाईलच असं नाही, तेव्हा तो सल्ला नको. विहिरीला पाणी आहे, टंचाई नाही. तारीख पाण्याची की बाटलीची? वास नसलेल्या, पण तापलेल्या बाटल्या प्यायला चालतील, की सगळ्याच धुण्याभांड्याला काढायच्या?