मुलांची संख्या वाढली, पण लोकसंख्येतला वाटा घटला: हे कसं वाचायचं?

तक्तेवाचक

एका देशाच्या दोन जनगणनांमधून 0 ते 14 वयोगटाचा वाटा काढतोय. सोयीसाठी आकडे गोल करून देतो. वीस वर्षांपूर्वी एकूण लोकसंख्या 200 लाख होती आणि मुलं 76 लाख, म्हणजे 38 टक्के. आता एकूण 300 लाख आणि मुलं 81 लाख, म्हणजे 27 टक्के. मुलं वाढली, वाटा उतरला. ही घट जन्म कमी झाल्यामुळे आहे, लोक जास्त जगू लागल्यामुळे आहे की बाहेरून माणसं आल्यामुळे, हे जनगणनेच्या तक्त्यांवरूनच ओळखता येईल का? शिवाय त्याच गणनेच्या दोन तक्त्यांत वाटा थोडा वेगवेगळा येतोय. कुठला धरायचा?

छेद_आणि_अंश

आधी एक खबरदारी: वाटा "11 टक्क्यांनी घटला" असं लिहू नका. 38 वरून 27 ही 11 पर्सेंटेज पॉइंटची घट आहे. टक्क्यांत मोजली तर ती जवळपास 29 टक्के भरते.

तुमच्या आकड्यांत विसंगती काहीच नाही. अंश साडेसहा टक्क्यांनी वाढलाय, छेद 50 टक्क्यांनी. 15 वर्षांवरचे लोक 124 लाखांवरून 219 लाखांवर गेलेत, कारण तेव्हाची ती 76 लाख मुलं आज 20 ते 34 वयाची आहेत. मोठी पिढी वर सरकली आणि तिच्यामागून आलेली पिढी तेवढ्या वेगाने वाढली नाही.

कारणांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. आयुर्मान वाढलं की मुलांचा वाटा आपोआप घटतो, असं धरलं जातं. सुरुवातीला नेमकं उलटं होतं. साथी, जुलाब, गोवर आटोक्यात आले की सर्वांत जास्त जीव वाचतात ते पाच वर्षांखालचे, त्यामुळे मुलांचा वाटा वाढतो. जगाचा वाटा 1960 च्या दशकाच्या मध्याला 38 टक्क्यांच्या आसपास होता, तो याच कारणाने. आज तो सुमारे एक चतुर्थांश आहे आणि ही उतरण मुख्यतः जन्म कमी झाल्याची आहे. बालमृत्यू आधीच थोडे असलेल्या देशात मात्र वाढलेलं आयुष्य म्हाताऱ्यांच्या पदरात पडतं आणि तिथे ते मुलांचा वाटा खाली ओढतं.

अंदाजासाठी एक सोपं गणित आहे. लोकसंख्या स्थिर असेल आणि बालमृत्यू नगण्य असतील, तर 0 ते 14 चा वाटा साधारण 15 भागिले सरासरी आयुर्मान इतका येतो. आयुर्मान 80 असेल तर पावणेएकोणीस टक्के. जपानचं आयुर्मान 84 च्या घरात, म्हणजे अपेक्षा जवळपास 18 टक्क्यांची, आणि प्रत्यक्षात वाटा 12 टक्क्यांच्याही खाली आहे. 1950 मध्ये तिथे हाच वाटा 35 टक्के होता. एवढं अंतर पडायला जन्म कित्येक दशकं कमी राहावे लागतात. दुसऱ्या टोकाला नायजर: तिथली जवळपास निम्मी लोकसंख्या 15 वर्षांखालची आहे.

आता कारणं वेगळी कशी करायची ते. 0 ते 4 वयाची मुलं भागिले 15 ते 49 वयाच्या स्त्रिया, गुणिले 1000, हे गुणोत्तर दोन्ही गणनांसाठी काढा. तेही घसरलं असेल, तर जन्म खरोखर कमी झालेत. ते फारसं हललं नसेल आणि वाटा घटला असेल, तर छेद कुठे फुगलाय ते पाहा. 65 च्या वर फुगला तर दीर्घायुष्य. 20 ते 44 मध्ये, त्यातही पुरुषांच्या बाजूने फुगला, तर कामासाठी आलेले लोक. कतारमध्ये मुलांचा वाटा कमी दिसतो तो मुख्यतः या दुसऱ्या कारणाने. तिथला आकडा पाहून "जन्म थांबले" म्हणणं साफ चूक ठरेल.

मोजदाद

वरच्या उत्तराशी सहमत, पण ते गणित करण्याआधी आकडे तपासून घ्या. मुलांच्या वयात चुका ठरावीक जागी होतात.

दोन तक्त्यांतला फरक बहुधा "वय नमूद नाही" या ओळीचा असेल. एका तक्त्यात ती छेदात धरलेली असते, दुसऱ्यात वगळलेली किंवा प्रमाणात वाटून टाकलेली. वगळून काढा आणि दोन्ही गणनांना तोच नियम लावा.

दुसरी जागा म्हणजे तान्ही मुलं. काही महिन्यांचं बाळ घरातल्या माणसांत सांगायचंच राहून जातं. ते सांगितलं तरी पूर्ण झालेल्या वर्षांऐवजी चालू वर्ष सांगितलं जातं, मग शून्य वयाचं मूल एकच्या रकान्यात बसतं. शून्याचा रकाना दोन-तीनच्या रकान्यांपेक्षा बराच बारीक दिसला, तर लगेच जन्म घटल्याचा निष्कर्ष काढू नका. नोंदणी झालेल्या जन्मांशी ताडून बघा. तसंच 14 आणि 15 च्या सीमेवर. वयं 10, 12, 15 अशा अंकांवर गोळा होतात आणि 14 चं मूल 15 चं सांगितलं की गटाबाहेर जातं.

मुलं सुटली आहेत का, हे ओळखायची सर्वांत भरवशाची पद्धत म्हणजे तीच पिढी दहा वर्षांनी पुन्हा मोजणं. चीनच्या 2010 च्या गणनेत 0 ते 4 वयाची मुलं 7.55 कोटी भरली. 2020 मध्ये तीच पिढी 10 ते 14 च्या गटात आली आणि भरली 8.53 कोटी! मृत्यूंमुळे पिढी आक्रसते, वाढत नाही, आणि एवढी मुलं बाहेरून आलेलीही नाहीत. म्हणजे 2010 ला लहान मुलं मोठ्या संख्येने मोजायची राहिली होती. त्या दशकात तिथला 0 ते 14 चा वाटा 16.6 वरून 17.95 टक्क्यांवर गेला. 2016 पासून सर्वांना दुसऱ्या मुलाची मुभा मिळाली हे खरं, पण ही सगळी वाढ त्या धोरणाच्या खात्यावर टाकता येत नाही.

आणखी एक. काही अहवाल 0 ते 17 धरतात, कारण 1989 च्या बालहक्क करारात मूल म्हणजे 18 वर्षांखालचं. भारताची जनगणना 0 ते 6 चा आकडा वेगळा देते: 2001 मध्ये 15.9 टक्के, 2011 मध्ये 13.6. या दोन्हींची तुलना 0 ते 14 शी करायची नाही.

तक्तेवाचक

गुणोत्तर काढलं, तेही स्पष्ट घसरलंय. आता याच वाट्यावरून पुढच्या दहा वर्षांत शाळांत किती मुलं येतील याचा अंदाज बांधला तर चालेल?

पटसंख्या

नाही चालणार. वर्गखोल्या आणि शिक्षक संख्येवर ठरतात, वाट्यावर नाही. तुमच्याच उदाहरणात वाटा उतरला आणि मुलं पाच लाखांनी वाढली. ते बघून शिक्षकभरती थांबवली असती तर वर्ग ओसंडून वाहिले असते. दर बाईमागे जन्म कमी होऊनही एकूण जन्म बरीच वर्षं टिकून राहतात, कारण आधीच्या मोठ्या पिढीतल्या मुली त्याच काळात आई होण्याच्या वयात असतात.

पहिल्या सहा वर्षांसाठी अंदाजाची जवळजवळ गरजच नाही, कारण पहिलीत येणारी मुलं आधीच जन्मलेली आहेत. वर्षवार नोंदलेले जन्म घ्या, सहाव्या वर्षापर्यंत जगण्याच्या प्रमाणाने गुणा, आणि ती मुलं सहा वर्षं पुढच्या पहिलीत टाका. नोंदणी अपुरी असेल तर आधी तेवढी भर घाला. सातव्या वर्षापासून जन्म स्वतः काढावे लागतात: 15 ते 49 मधल्या प्रत्येक पाच वर्षांच्या गटातल्या स्त्रिया गुणिले त्या गटाचा जननदर (दर बाईमागे वर्षाला होणारे जन्म), आणि सगळ्यांची बेरीज. इथे दर जास्त, मध्यम, कमी असे तीन धरा. एकाच आकड्यावर इमारती बांधू नका.

पाच वर्षांचे गट इथे फसवतात, त्यामुळे एकेका वर्षाचं वय हवं. जपानमध्ये 1965 ला 18.2 लाख जन्म झाले, 1966 ला 13.6 लाख, आणि 1967 ला पुन्हा 19.4 लाख. 1966 हे अशुभ मानलेलं वर्ष होतं, म्हणून जोडप्यांनी मूल टाळलं. पाच वर्षांच्या गटात ही खाच जवळपास बुजून जाते. शाळेत मात्र एक वर्ग रोडावलेला येतो आणि त्याच्या मागचा खच्चून भरलेला.

शेवटी तुमचा अंदाज मागच्या पाच वर्षांवर चालवून प्रत्यक्ष पहिलीच्या पटाशी ताडून पाहा. पट सहा वर्षांच्या मुलांपेक्षा सातत्याने जास्त निघाला, तर पाच किंवा सात वर्षांची मुलंही दाखल होताहेत, पहिलीतच पुन्हा बसलेली मुलं मोजली जाताहेत किंवा पट फुगवलेला आहे. यातलं कुठलं हे वयवार पटावरून कळतं, तो मागवून घ्या.